‘बिहेव्ह’ म्हणजे ‘बी’ अधिक ‘हॅव’ नव्हे

‘आधी तसे असा, मग तुमच्याकडे असेल, म्हणूनच इंग्रजीत बी आणि हॅव जोडून बिहेव्ह झाले,’ असा एक सुविचार फिरतो आहे. त्यातली व्युत्पत्ती चुकीची आहे.

यातला ‘बि’ हे ‘असणे’ दाखवणारे क्रियापद नाही. तो जुन्या इंग्रजीतला उपसर्ग आहे. मूळ अर्थ ‘भोवती, सर्व बाजूंनी’; पुढे तो क्रियेला जोर देऊ लागला. ‘बिस्मिअर’ म्हणजे सगळीकडे माखणे, त्यातही हाच उपसर्ग. ‘हॅव’ मात्र खरोखरच तेच क्रियापद आहे, पण इथे त्याचा अर्थ मालकी नसून ‘स्वतःला धरणे, सावरणे’ असा आहे. म्हणून १५व्या शतकात हा शब्द रूढ झाला तेव्हा त्यापुढे ‘स्वतःला’ दाखवणारे सर्वनाम येई. ‘बिहेव्ह युअरसेल्फ’मध्ये ते अजून टिकून आहे.

मग उच्चार वेगळा का? ‘हॅव’ वाक्यात सतत आघाताविना, म्हणजे उच्चारात जोर न देता येते, त्यामुळे त्याचा स्वर आखूड झाला. ‘बिहेव्ह’मध्ये आघात ‘हेव्ह’ याच भागावर राहिल्याने दीर्घ स्वर वाचला. सुविचार रचणाऱ्यांना हा दुवा दिसला असता, तर त्यांना खरी गोष्टही तितकीच रंजक वाटली असती!

‘बिहेव्हिअर’ची घडण आणखी गुंतागुंतीची: त्याच्या शेवटावर जुन्या फ्रेंचमधून आलेल्या, मालमत्ता या अर्थाच्या शब्दाची छाप आहे.

वापरताना एक जपावे. नुसते ‘बिहेव्ह!’ म्हटले की ‘नीट वाग’ असाच अर्थ होतो. वागण्याची रीत सांगायची तर पुढे ‘वेल’ किंवा ‘बॅडली’ हवे. ‘बिहेव्ह गुड’ प्रमाण इंग्रजीत चूक.