ठरलेलं वाचन आणि मनातली प्रार्थना : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या बायबल-चिंतनांवरची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत मिटवण्यासारखी नाही, म्हणून ऐसपैस लिहितो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : कॅथलिक चर्चच्या कॅलेंडरने नेमून दिलेलं वाचन रोज घ्यायचं आणि त्यावर चिंतन पाडायचं, ही प्रार्थना नव्हे, हजेरी आहे. देवाशी बोलायला दुसऱ्याने ठरवलेलं पान कशाला? आणि अवघड उतारे मी गोड करून वाढतो.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण झोंबला तोच.

सामान्यकाळाच्या, म्हणजे चर्चच्या वर्षातल्या सणांच्या हंगामांबाहेरच्या दिवसांच्या, पाचव्या आठवड्यातला गुरुवार बघा. शुभवर्तमान (येशूच्या जीवनाची कथा) मार्कचं, सातवा अध्याय, वचनं 24 ते 30. सोरच्या मुलखात एक परकी बाई येशूच्या पाया पडते. लेकीला भूतबाधा झालेली. येशू म्हणतो, मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे. मुलं म्हणजे यहुदी, कुत्री म्हणजे तिच्यासारखे परके. निवड माझ्या हातात असती तर हे पान मी कधीच उघडलं नसतं. 'प्रभू तिच्या विश्वासाची परीक्षा बघत होता' असं म्हणून प्रवचनं पुढे सरकतात, पण मार्क परीक्षेबद्दल चकार शब्द काढत नाही. बाई मात्र ना रुसते, ना निघून जाते. मेजाखालची कुत्रीसुद्धा मुलांनी सांडलेला चुरा खातातच की, असं ती त्याच्याच शब्दांचं टोक पकडून सुनावते. आणि येशू काय म्हणतो? तुझ्या या बोलण्यामुळे जा, भूत निघून गेलं आहे. मत्तय आपल्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगताना तिच्या विश्वासाची थोरवी गातो; मार्क श्रेय देतो तिच्या उत्तराला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. प्रार्थनेत देवाला उलट बोलता येतं, हे मी या बाईकडून घेतलं. यात गोड काय आहे, सांगा.

आता कॅलेंडर. आजची वाचनमाला 1969 सालची, चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची. रविवारची वाचनं तीन वर्षांत फिरतात, इतर दिवसांचं पहिलं वाचन बहुतेक काळ दोन वर्षांत. म्हणजे आवडीचे उतारे घोळवत बसायची सोय नाही. मनातली प्रार्थना तुम्हाला हवी आहे ना? बाराव्या शतकातल्या गिगो (दुसरा) या कार्थुझियन संघाच्या, म्हणजे एकांतात राहणाऱ्या संन्याशांच्या, मठवासीने वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या. तुमची मनातली प्रार्थना तिसऱ्या पायरीवर सुखरूप आहे. आधी ऐकायचं, मग बोलायचं, एवढंच.

शिवाय माझं मन रोज खरं बोलतं यावर माझा तरी फारसा भरवसा नाही. चर्चच्या दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत बायबलमधलं 88 वं स्तोत्र असतं. त्यात शेवटीही दिलासा नाही. सोबतीला उरतो तो अंधार. एखाद्या शुक्रवारी मी लग्नाचं जेवून, गप्पा हाणून घरी आलेला असतो. तेव्हा ते शब्द माझे नसतात, पण त्या रात्री कुठल्या तरी इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या माणसाचे असतात. त्याच्या वतीने मी ते म्हणतो. स्वतःच्या मूडवर प्रार्थना चालवली असती तर तो माणूस माझ्या प्रार्थनेत आलाच नसता.

तरीही गोड करण्याच्या तुमच्या आरोपात एका ठिकाणी तथ्य आहे, फक्त निशाणा चुकला. 1971 च्या प्रहर-प्रार्थनेच्या (दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या चर्चच्या प्रार्थनेच्या) पुस्तकातून शापवाणी आहे म्हणून 58, 83 आणि 109 ही स्तोत्रं सबंध गाळली गेली. 137 व्याची शेवटची वचनंही गेली. यहुद्यांना देशोधडीला लावणाऱ्या बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारी. मला ही कात्री पटलेली नाही. देशोधडीला लागलेल्या माणसाचा संताप शास्त्राने जपून ठेवला, तो आपण प्रार्थनेतून का वगळावा?

पुढचं चिंतन 109 व्या स्तोत्रावर लिहितोय. आधी ते सलग वाचून या, सहाव्या वचनापासून जरा सावकाश.