पाणी मारुतीच्या कमरेला

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेकच्या भानगडीत पडत नाही. तो नदीपात्रातल्या मूर्तीवरून पूर मोजतो आणि विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्यापर्यंत असेल तर गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, फोटो काढायला जातो, गळ्यापर्यंत आलं की सराफ बाजारातला माल वर चढवतो.

माझा पूर मोजला आमच्या डॉक्टरांनी, टेपने. कंबर ९४ सेंटिमीटर. "पुरुषांची ९०च्या आत हवी," म्हणत त्यांनी कागदावर मधुमेहाच्या धोक्याची बेरीज मांडली. वय ४६, त्याचे २०, कमरेचे १०, आईला मधुमेह, त्याचे १०, बैठी नोकरी आणि व्यायाम नाही, त्याचे सणसणीत ३०. शंभरपैकी ७०! साठच्या वर म्हणजे धोका जास्त, असं ते म्हणाले. मला मात्र दहावीपासून हुकलेला फर्स्ट क्लास मिळाल्याचं भरून आलं.

मग रक्ततपासणी आली. मी चार दिवस कडक पथ्य पाळलं. कारल्याचा रस, बिनसाखरेचा चहा, रात्री नुसती मुगाची खिचडी. "अहो, वर्षभर उनाडून आदल्या रात्री गाइड वाचणाऱ्यातले तुम्ही," इति सौ.

लॅब गंगापूर रोडला, वार रविवार, आणि खाली मिसळीचं दुकान. उपाशीपोटी रक्त घेतलं, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं. पेढ्यावर साखर भुरभुरून खाणारा मी, पण तो पेला काही केल्या संपेना. "आता दोन तास इथंच बसा काका. खायचं नाही, फिरायचं नाही." खालून तर्रीचा वास जिना चढून येत होता. त्यात मित्राचा फोन, "कुठं आहेस? पापड मऊ पडतोय!" शेजारी बसलेल्या आजोबांनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. मीही मनातल्या मनात सूर लावला, पण माझं मन 'शिरो मे राघवः पातु'च्या पुढे सरकेना. तिथून ते थेट जिलबीवर जायचं.

रिपोर्ट आला. उपाशीपोटी ९७. मी मिशीवर ताव दिला. दोन तासांनंतरची १५८. मिशी खाली. आणि एचबीएवनसी, म्हणजे लाल पेशींना चिकटलेल्या साखरेचं प्रमाण, ६.१ टक्के.

"चार दिवसांचं पथ्य इथं चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांना चिकटत राहते. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते."

म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ, हुरडा पार्टी आणि दोन लग्नांतल्या जिलब्या असा सगळा पंचनामा त्या पेशींनी करून ठेवला होता. इतकी चोख नोंद आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही जमलेली नाही.

"मग मला मधुमेह आहे की नाही?"

"एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा काठ. साडेसहापासून मधुमेह."

"म्हणजे पाणी कुठवर?"

डॉक्टर पंचवटीचेच. "कमरेला. पण चढेलच असं नाही, उतरूही शकतं. अमेरिकेत अशाच काठावरच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला. सात टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढं ठरवून दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. धरणातून किती सोडायचं, ते तुमच्या हातात."

हे वाक्य घरी जाऊन सांगायला नको होतं. आता मी रोज सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चालतो ते ठीक. पण परवा एका मुंजीत माझा हात नुसता जिलबीच्या ताटाकडे वळला, तर चार पंगतींना ऐकू जाईल अशा आवाजात सौ.ने घोषणा केली, "गंगापूर धरणातून विसर्ग सुरू! नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे!"