बसचा रस्ता उखडला, कोंडी आहे तिथेच

पुण्यातल्या नगर रोडची बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, काढली की ट्रॅफिक सुटेल, असं छातीठोकपणे सांगणारे लोक आता कुठे गेले? संध्याकाळी साडेसहाला येरवड्याहून वाघोलीला जाऊन दाखवा. बसची लेन गाड्यांना दिली, ती भरली, आणि आता बसही त्याच गर्दीत अडकते. हे असंच होणार हे कळायला इंजिनीअर लागतो का?

डोकं फिरतं ते यामुळे, की देशातली पहिली बीआरटी आपल्या पुण्यात झाली. 2006 ला, कात्रज-स्वारगेट-हडपसर. अहमदाबादची आपल्यानंतर, 2009 ला. पण आपल्याकडे त्या लेनमध्ये बाईकवाले, रिक्षावाले, कारवाले सगळे घुसत राहिले आणि त्यांना कुणी धड अडवलं नाही. लेनही सलग नाही. इथे आहे, पुढच्या चौकात गायब, पुलाखाली परत गायब. बस आपली तेवढ्यापुरती पळणार आणि पुन्हा कोंडीत येऊन उभी राहणार. नगर रोडचा मार्ग 2016 ला सुरू झाला आणि सात-आठ वर्षांत उखडलासुद्धा. का, तर म्हणे कोंडी होते, अपघात होतात. अरे, मग घुसणाऱ्यांना धरा ना! त्यांना हातही लावला नाही, लेनच काढून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बारा मीटरच्या बसच्या जागेत फार तर तीन कार मावतात, आणि त्यातल्या बऱ्याच कारमध्ये एकटा माणूस. गर्दीच्या वेळी बसमध्ये साठ जण असतात. तरी "बसमुळे ट्रॅफिक होतं" हे ऐकवणारा भेटतोच, तोही कारच्या काचेआडून.

बसस्टॉप बघा एकदा कुठलाही. स्टॉपच्या बरोबर समोर पार्किंग लाइट लावून कार उभी. बस बिचारी कडेला येऊच शकत नाही, रस्त्याच्या मधोमध थांबते. मग हातात भाजीची पिशवी घेतलेल्या आजी दोन बाईकच्या मधून वाट काढत त्या उंच पायरीपर्यंत पोचणार, मागचे हॉर्न वाजवून जीव खाणार, कंडक्टर "चला चला, लवकर" म्हणून ओरडणार. आणि कारवाला पाच मिनिटांनी समोरच्या दुकानातून सावकाश बाहेर येणार. त्याला कुणी चकार शब्द बोलत नाही. तिथे पडल्या त्या आजी तर जबाबदार कोण?

मेट्रो आली, चांगलंच झालं, मी स्वतः वापरतो. मार्च 2024 मध्ये ती नगर रोडवर रामवाडीपर्यंत पोचली. पण स्टेशनातून उतरून पुढे जायचं कसं? बस कोंडीत, रिक्षावाल्याला जवळचं भाडं नको, आणि चालावं म्हटलं तर फूटपाथवर गाड्या. हजारो कोटींची मेट्रो बांधायची आणि तिथपर्यंत पोचायला माणसाला घरची टू व्हीलरच काढावी लागणार असेल, तर काय उपयोग?

बसचं किमान तिकीट जून 2025 पासून पाचाचं दहा झालं. धुणीभांडी करणाऱ्या बाईनं, कॉलेजच्या पोरानं ते मुकाट भरायचं. अर्ध्या रस्त्यावर दिवसभर कार लावणाऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी एक रुपयाही नाही. रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण 2018 मध्येच मंजूर झालंय, तेही आरडाओरड झाल्यावर कापून मोजक्या रस्त्यांपुरतं. तेवढंही राबवायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण कारवाले बोंबलतील. बसवाले कधी बोंबलत नाहीत, त्यांना कामावर वेळेत पोचायचं असतं. उड्डाणपूल म्हटलं की शेकडो कोटी उभे राहतात, बस घ्यायची म्हटली की लगेच तोटा आठवतो. उड्डाणपुलाचा तोटा काढलाय का कधी कुणी?

ते धोरण कपाटातून बाहेर काढा. स्टॉपसमोरच्या गाड्या उचला, आणि एक दिवस फोटोपुरत्या नाही, रोज उचला. आणि नगर रोडची आमची लेन आम्हाला परत द्या.