इरोजन आणि अल्सर यात फरक खोलीचा

जठराच्या आतल्या जखमांवरच्या एका लेखात 'इरोजन म्हणजे लहान अल्सरच' असं म्हटलंय, ते पटलं नाही. इरोजनमध्ये जठराचं वरचं अस्तरच खरवडल्यासारखं होतं आणि बहुतेक वेळा खूण न राहता भरून येतं. अल्सर मात्र अस्तराखालच्या थरापर्यंत खोल जातो. तिथं मोठ्या रक्तवाहिन्या असतात, म्हणून रक्तस्राव आणि जठराला भोक पडण्याची भीती मुख्यतः अल्सरमध्ये.

पण इरोजन किरकोळ समजून सोडू नका, हे कळकळीनं सांगते. आम्ही गंगाखेडकडचे. वडील कापूस वेचणीच्या दिवसांत गुडघे धरले की सकाळी उपाशीपोटी, नुसत्या चहाबरोबर डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घ्यायचे. पहिल्या एंडोस्कोपीत (तोंडातून नळी घालून जठर आतून बघतात त्यात) इरोजन निघाले. पोट दुखायचं थांबलं तसं पोटाचं औषधही थांबवलं, ती दुखण्याची गोळी मात्र चालूच. दोन वर्षांनी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होऊ लागलं. 'लोहाच्या गोळीनं होत असेल' म्हणून आम्ही चार दिवस घालवले. (त्या गोळीनंही रंग काळा होतो, पण असा चिकटपणा आणि उग्र वास नसतो.) परभणीला नेलं तेव्हा अल्सर होता, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

जठरातल्या अल्सरचा तुकडा तपासायला घेतात तो कॅन्सर नाही ना हे बघायला, घाबरून नाही म्हणू नका. एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूचीही तपासणी मागून घ्या. त्याच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं, तरी आमच्याकडे अजून सगळा दोष तिखटालाच देतात.