चहा करण्याच्या त्रेचाळीस पायऱ्या

नीटच्या परीक्षेत माझे एमबीबीएस थोडक्यात, म्हणजे साधारण दीडशे गुणांनी, हुकले आणि मुंबईच्या एका महाविद्यालयात व्यवसायोपचाराला प्रवेश मिळाला, तेव्हा ही बातमी साताऱ्यात सर्वांत आधी काकांना समजली. काकांचे हार्डवेअरचे दुकान आहे. ‘व्यवसाय’ एवढाच शब्द त्यांनी ऐकला, ‘उपचार’ त्यांच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही. “व्यवसायच शिकायचाय तर मुंबईला कशाला जातोस? उद्यापासनं गल्ल्यावर बस. फी पण लागायची नाही,” असे म्हणून त्यांनी तो विषय आपल्या परीने मिटवून टाकला.

आजाराने किंवा इजेने अडलेल्या माणसाला रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून केलेला उपचार म्हणजे व्यवसायोपचार. त्याचे ऑक्युपेशनल थेरपी हे इंग्रजी नाव जिभेला जड जाते म्हणून विद्यार्थी त्याला ‘ओटी’ म्हणतात आणि घोळ आणखी वाढवतात. आत्याच्या डोळ्यांसमोर लगेच खण-नारळ उभे राहिले आणि पुरुषांना ओटी भरायला कोण शिकवते, असे तिने काळजीच्या सुरात विचारले. तिचा मुलगा जगाचे ज्ञान असलेला आहे. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, असा खुलासा त्याने केला आणि मी सर्जन होणार ही बातमी कराडपर्यंत पसरली. ती खोडून काढण्याची घाई मी केली नाही, हे कबूल करतो.

खरा दोष त्या नावाचाच आहे. जॉर्ज बार्टन नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने १९१४ साली ते पुढे आणले. त्यातील ‘ऑक्युपेशन’चा अर्थ पोटापाण्याचा धंदा एवढाच नसून माणसाचा दिवस ज्या ज्या गोष्टींत जातो ते सगळे, म्हणजे दात घासण्यापासून पत्ते पिसण्यापर्यंतचे सगळे, असा आहे, परंतु मराठीत येताना कोणीतरी त्याला ‘व्यवसाय’ करून टाकले आणि ते निस्तरणे आमच्या वाट्याला आले. भारतातली या विषयाची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली आणि ती सुरू केली जन्माने अमेरिकन व लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी. निंबकरांच्या नातेवाइकांना त्यांनी हा विषय कसा समजावून सांगितला असेल, हा प्रश्न मला चारही वर्षे छळत होता.

पहिले वर्ष शरीररचनाशास्त्रात गेले. हातात २७ हाडे असतात, त्यांपैकी ८ नुसत्या मनगटात खड्यांसारखी भरलेली असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांतले एक तरी हरवते. ही रड वैद्यकातला प्रत्येक जण रडतो, म्हणून मी पुढे जातो.

आमची स्वतःची अशी रड ‘अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस’पासून सुरू होते. कोणतेही रोजचे काम घ्यायचे, त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि प्रत्येक पायरीला कोणता सांधा किती अंशांत वाकतो, कोणता स्नायू ओढतो, लक्ष किती लागते, स्मरण किती लागते आणि संयम किती लागतो, हे सविस्तर लिहायचे. मला ‘चहा करणे’ हे काम मिळाले. मी मनातल्या मनात हसलो, सात पायऱ्या लिहिल्या आणि वही देऊन आलो. वही परत आली तेव्हा मॅडमनी तांबड्या शाईत एवढेच लिहिले होते : “गॅस कोणी पेटवला?” दुसऱ्या वेळी मी एकोणीस पायऱ्या लिहिल्या. “पातेले कोठून आले?” तिसऱ्या वेळी मी फळीवरचे पातेले काढण्यासाठी खांदा उचलला, कोपर सरळ केले, बोटे पसरली, पकडीचा प्रकार नमूद केला, पाणी मोजले, गाळणे शोधले आणि त्रेचाळीस पायऱ्यांवर येऊन थांबलो. खाली तांबडी शाई होतीच : “चहा झाला हे कसे कळले?”

त्यानंतर बरेच महिने मला साधेपणाने चहा करता आला नाही. हात साखरेच्या डब्याकडे निघाला की मन त्याच्याबरोबर पायऱ्या मोजत निघायचे, आणि अठ्ठाविसाव्या पायरीला दूध उतू जायचे.

दिवाळीच्या सुटीत हे शास्त्र मी घरी नेले. आई पोळ्या लाटत होती आणि मी सांध्याचे कोन मोजण्याचे गोनिओमीटर घेऊन ओट्याशी उभा राहिलो. लाटणे पुढे जाताना मनगट किती अंश मागे वळते आणि पोळी गोल फिरावी म्हणून कोणत्या हाताचा दाब कमी होतो, हे मी तिला विचारत होतो. तीस वर्षे डोळे मिटून पोळ्या लाटणाऱ्या त्या बाईला माझ्या तिसऱ्या प्रश्नानंतर पोळी लाटता येईना. आधी तिचा त्रिकोण झाला, मग श्रीलंका झाली. “तू बघायला लागल्यापासनं माझा हात बिघडलाय. त्या कंपाससकट बाहेर जा,” असे सांगून तिने मला स्वयंपाकघरातून हाकलले आणि त्या दिवशी आम्ही सर्वांनी भात खाल्ला.

दुसऱ्या वर्षी अर्धांगवायूच्या रुग्णाची अडचण समजावी म्हणून आम्हाला एक संपूर्ण दिवस उजवा हात झोळीत बांधून काढायला सांगितले. यात एक सोन्यासारखा नियम आहे : कपडा घालताना लुळी बाजू आधी आणि काढताना चांगली बाजू आधी. नियम मला तोंडपाठ होता. सदरा त्याप्रमाणे चढलाही आणि बटणांना प्रत्येकी दोन मिनिटे देऊन मी सकाळचे लेक्चर बुडवले. अडले ते लेंग्याच्या नाडीपाशी. परदेशी पुस्तकांत झिप होती, हुक होते, वेल्क्रो तर पानोपानी होते; नाडी मात्र कोठेही नव्हती. एक टोक दातांत धरावे तर कमरेपर्यंत वाकावे लागत होते, वाकले की लेंगा निघत होता, आणि भिंतीला टेकून दुसरे टोक अंगठ्याभोवती गुंडाळण्याच्या प्रयत्नात नाडीचे एक टोक नेफ्यात आत गेले. आत गेलेली नाडी दोन्ही हात शाबूत असलेल्या माणसालाही सेफ्टीपिनेशिवाय बाहेर काढता येत नाही, हे कोणत्याही मराठी माणसाला सांगायला नको. मी संध्याकाळपर्यंत खोलीतच, चादर गुंडाळून, रुग्णाच्या मनःस्थितीचा सखोल अभ्यास केला.

तिसऱ्या वर्षी मोजपट्ट्या आल्या. त्यांतली बार्थेल निर्देशांक ही १९६५ सालची पट्टी माणूस स्वतःचे किती स्वतः करू शकतो हे दहा प्रश्नांत आणि शंभर गुणांत सांगते. सरावासाठी मी आजीला पकडले. तिच्या बोटांना आणि गुडघ्यांना जुना संधिवात आहे, आणि दुपारी ती मोकळी असते. जेवणाच्या प्रश्नात पदार्थ कापण्यासाठी किंवा पावाला लोणी लावण्यासाठी मदत लागते का, असे विचारायचे असते.

“आजी, तुला लोणी लावता येतं का?”

“कुणाला?” आजीने विचारले. “मी उभ्या जन्मात कुणाला लोणी लावलं नाही. तुझ्या आजोबांनासुद्धा.”

पुढे आंघोळीला पाच गुण आणि जिना चढण्याला दहा, हे ऐकल्यावर तिने ही पट्टी आंघोळ न करणाऱ्या माणसाने केली असावी असे मत दिले. मांडी घालून बसता येते का, उकिडवे बसून उठता येते का, नऊवारीचा काष्टा घालता येतो का, हे कोणी विचारत कसे नाही, असे तिने मलाच विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. तिला शंभरपैकी पंच्याण्णव गुण पडले. हरवलेल्या पाच गुणांचा हिशेब ती मला अजून विचारते.

त्याच दुपारी तिचे उलथणे मी पहिल्यांदा नीट पाहिले. दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून वर सुतळीने आवळलेली होती, कारण बारीक दांडा तिच्या बोटांच्या मुठीत ठरत नव्हता, निसटत होता. आदल्याच आठवड्यात आम्हाला ‘जाड केलेली मूठ’ हा विषय विलायती कॅटलॉगमधल्या चित्रांसह शिकवला होता आणि त्यातल्या एका चमच्याच्या किमतीत आमच्या घरी अख्खा भांड्यांचा संच आला असता.

शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे होते. तेथे मेंदूला मार बसलेले एक गृहस्थ आले. एसटीत आयुष्यभर तिकिटे फाडलेल्या या माणसाला मी चहा करायला सांगितले. त्यांनी पातेले ठेवले, पाणी घातले, साखर घातली, पत्ती घातली आणि हातात गाळणे धरून ते शांतपणे वाट पाहत उभे राहिले. गॅस पेटवलेलाच नव्हता. दहा मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे वळून, “आज गाडी लेट दिसतेय,” असे म्हटले. मला मॅडमची तांबडी शाई आठवली. त्या एका पायरीवर आम्ही तीन आठवडे काम केले, आणि ज्या दिवशी त्यांनी स्वतःहून लायटर उचलला त्या दिवशीचा चहा मी दोन कप प्यायलो. साखर अतोनात होती.

त्यांनाच चमचा धरायला त्रास होत होता, म्हणून मी सुटीत काकांच्या दुकानात गेलो. सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपवर चढवतात ते काळे फोमचे नळकांडे वीतभर कापून चमच्याच्या दांड्यावर चढवले की मूठ हवी तेवढी जाड होते. फोम कापून घेताना मी काकांना तासभर सगळे समजावून सांगितले : लुळा हात, पकड, चमचा, एसटीतले गृहस्थ, बार्टनसाहेब आणि कमलाबाई. काकांनी एकही प्रश्न न विचारता ऐकून घेतले, मधल्या वेळात दोन गिऱ्हाइके केली, मला एक कडी मोजून द्यायला लावली आणि शेवटी उधारीची वही पुढे ओढून सावकाश अक्षरांत लिहिले : “चि. पुतण्या, ओटी भरण्याकामी फोम दोन फूट, येणे.”