आत्या, ते 'बोग' म्हणजे भगवान नव्हे

आत्याने घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: रशियनमध्ये देवाला 'बोग' म्हणतात, डॅनिशमध्ये पुस्तकाला 'बोग', दोन्ही आपल्या 'भगवान'वरून आले, सबब व्हायकिंग वेद वाचायचे, आणि इंग्रजांनी सूड म्हणून त्याच शब्दाला 'दलदल' हा अर्थ चिकटवला. मी गप्प बसलो असतो. पण रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने डेन्मार्कमधल्या सात वर्षांच्या नातवाला त्याचं गणिताचं पुस्तक कपाळाला लावायला सांगितलं, "नावातच देव आहे बघ" म्हणून. पोरगं आता शाळेत हेच सांगणार!

रशियनचं बरंचसं खरं आहे, नाइलाजाने मान्य. माक्स फास्मरच्या रशियन व्युत्पत्तिकोशात 'बोग'चं नातं संस्कृत 'भग'शी दिलेलं आहे. मूळ अर्थ वाटा देणारा. आपले भाग, भाग्य त्याच घरातले. रशियन 'बोगाती' म्हणजे श्रीमंत. पण हे नातं चुलत भावंडांचं. काही अभ्यासक तर हा शब्द इराणी भाषांमधून घेतलेला मानतात.

डॅनिशचं मात्र निव्वळ थोतांड. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, पुस्तकाला 'बोक' म्हणत. स्वीडिशमध्ये अजूनही 'क'च आहे. डॅनिशमध्ये स्वरानंतरचा 'क' मऊ होऊन 'ग' झाला, मग बोलताना तोही विरघळला. नातू म्हणतो 'बोउ'. रशियन माणूस देवाला म्हणतो 'बोख'. म्हणजे सगळं साम्य रोमन अक्षरांत, तोंडात काहीच नाही. आणि 'बोग' देवच असेल, तर डॅनिश 'कोगेबोग', म्हणजे पाककृतींचं पुस्तक, हा स्वयंपाकाचा देव होणार. 'बोगहोल्डर' म्हणजे हिशेबनीस. त्याने काय देव धरून ठेवलाय?

इंग्रजीतला दलदलीचा 'बोग' आयरिशमधून आला, मूळ शब्द 'मऊ' या अर्थाचा. सूडबीड काही नाही.

गंमत म्हणजे संस्कृतचा सख्खा नातलग स्वीडिशमध्ये आहे, तोच मेसेजवाल्याला दिसला नाही. तिथे 'बोग' (उच्चार 'बूग') म्हणजे जनावराचा खांदा, किंवा जहाजाचं पुढचं टोक. तो आपल्या 'बाहू'चा भाऊ. एकाच जुन्या 'घ'चा इकडे 'ह' झाला, तिकडे 'ग'. मटणाच्या काउंटरवर 'लामबूग' मिळतं, कोकराचा खांदा.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. आत्या शुद्ध शाकाहारी. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.