पडायचंच असेल तर घरी पडा

पडलात की आधी उठा. हाड मोडलंय की नाही ते मागाहून बघता येतं. उठा, पँट झटका आणि आजूबाजूच्या चार जणांकडं बघून हसा. "काय झालं न्हाई, काय झालं न्हाई," असं दोनदा म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर सुपरवायझर म्हणेलच, पण पडणाऱ्याच्या तोंडून आलेलं बरं दिसतं. मग तो विचारेल, "डोळं कुठं हुतं तुझं?" याचं उत्तर द्यायचं नसतं. डोळे मशिनवरच्या जॉबवर, म्हणजे घडत असलेल्या तुकड्यावर होते, तिथं नसते तर जॉब रिजेक्ट झाला असता आणि त्याचे पैसे तुमच्या पगारातून गेले असते, हे त्यालाही ठाऊक आहे.

हे मी अनुभवानं सांगतोय. सांगलीजवळ, कुपवाडच्या बाजूला, तीसेक माणसांच्या एका वर्कशॉपात मी नऊ वर्षं काढली. तिथं वेल्डिंगची केबल वाटेत आडवी पडलेली असायची. तात्पुरती. मी लागलो तेव्हाही तात्पुरती होती, सोडलं तेव्हाही तात्पुरतीच. पाय अडकू नये म्हणून तिच्यावर बारदान टाकलेलं असायचं. त्यामुळं केबल दिसायची नाही आणि पाय बारदानात अडकायचा. पलीकडं लोखंड कातायच्या लेथमधून गळणारं कूलंट, म्हणजे थंड ठेवायचं तेलपाणी, आणि त्यावर पसरलेला भुसा. 1948 च्या कारखाना कायद्यात 32 वं कलम होतं: जमीन, पायऱ्या, जाण्यायेण्याच्या वाटा धड असाव्यात, त्यात अडथळा नसावा, पाय घसरेल असं काही सांडलेलं नसावं. भुसा टाकला की सांडलेलं दिसत नाही, आणि दिसत नाही ते नाहीच, असा आमच्या शेठचा या कलमाचा अर्थ होता. आता नोव्हेंबर 2025 पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांमध्ये गेले. नावं बदलली. बारदान अजून तेच असावं.

पाय सुजला तर घाबरू नका. ज्या जिल्ह्याच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जिल्ह्यात राहून घोट्यासाठी एक्स-रे काढायचा म्हणजे मातीशी बेइमानी झाली. लेप लावा आणि दुसऱ्या दिवशी कामावर या. हे महत्त्वाचं आहे. चालता येत नसेल तर मित्राच्या गाडीवर मागं बसून या, पण या. शेठ दयाळू असतो. तो तुम्हाला गेटजवळ खुर्ची टाकून देईल, पाय ठेवायला उलटा क्रेट देईल, हजेरी लावेल आणि चहासुद्धा पाजेल. दिवसभर नुसतं बसायचं. एवढी माया कशासाठी, असं वाटलं तर मनातून काढून टाका. माणूस 48 तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर त्या अपघाताची खबर सरकारला द्यावी लागायची, आणि भरपाईचा कायदा तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं तरच जागा व्हायचा. खुर्चीवर बसलेल्या माणसाचं काम बुडालं असं कोण म्हणेल? मी त्या खुर्चीवर पाच दिवस बसलो होतो. येणाऱ्या टेंपोंचे नंबर वहीत लिहायचो, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

तुम्ही ठेकेदाराकडं असाल तर अजून सोपं. शेठ म्हणेल, "तू आमचा नाहीस, ठेकेदाराला विचार." ठेकेदार म्हणेल, "जागा माझी नाही, शेठला विचार." या दोघांच्या मधल्या वाटेवर निवांत फेऱ्या मारा, घोट्याला व्यायाम होतो. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, आणि मालकानं ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी, हे 1923 च्या त्या भरपाईच्या कायद्यातच लिहिलेलं होतं. पण शंभर वर्षांपूर्वीच्या जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय?

ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, तर नावच काढू नका. तुमच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो, म्हणजे बारा हजारांवर 90 रुपये, आणि मालकाला वर 390 घालावे लागतात. कामावर इजा होऊन माणूस घरी बसला तर त्या दिवसांचे पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात. त्यासाठी आधी किती महिने पैसे भरलेत हेही बघत नाहीत. त्यापेक्षा शेठकडून पाच हजार उचल घ्या. ती पुढच्या पगारातून कापली जाते, त्यामुळं उपकार राहत नाही. आणि नाव नोंदवलेलंच नसेल तरी काळजी नको. मोठं काही लागलं तर आदल्या दिवशीच तुम्ही नोकरीला लागला होतात, असं तुम्हाला कागदावरून कळेल. नऊ वर्षं कुठं गेली ते विचारू नका.

"माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतील. करून टाका. असा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यापुढं रद्दी आहे, पण शेठला कपाटात ठेवायला काहीतरी लागतंच. बाकी भरपाईचं "पुढच्या महिन्यात बघू" असं ठरेल. हे वाक्य 24 वेळा ऐका. दावा लावायला 1923 च्या कायद्यानं दिलेली मुदतही दोनच वर्षांची होती.

आता मुख्य मुद्दा. दवाखान्यात काय सांगायचं.

मिरजेला डॉक्टरांची कमी नाही, आणि मुकादम सोबत येतो. बोलायचं त्यानंच असतं. मला नेलं तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "घरी बाथरूमात पडलाय, सर." डॉक्टर काही बोलले नाहीत. माझ्या टाचेवरचा काळा थर स्पिरिटनं पुसला, चिमटा हातात घेतला आणि आतून लोखंडाची एक वेटोळी चीप ओढून ट्रेमध्ये टाकली. ठण्ण वाजली. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "बाथरूमात लेथ बसवलाय काय?"

मुकादम मोठ्यानं हसला. मीही हसलो, पडल्यावर हसायची सवय होतीच. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट बघितली. मग पेन उचललं आणि मुकादम सांगेल ते लिहिलं.

तो कागद अजून माझ्याकडं आहे. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात: राहत्या घरी बाथरूममध्ये घसरून. आमच्या घरी तेव्हा बाथरूम नव्हतं. मोरी होती.